एकविसावं फूल

ऋतुराजनं गेले पंधरा दिवस सगळ्या घराचं डोकं खाल्लं होतं. "फुलं विषम पायजेत. पाच, सात, नऊ, अकरा, काय वाटंल ते, पण जोडीत न्हाईत. जोडीची फुलं तितं फकस्त मयताला नेत्यात. पिवळी द्यायची न्हाईत, पिवळी म्हंजे ताटातूट. आन उंबऱ्यावरनं हातात द्यायची न्हाईत. आदी आत घ्यायचं, मग फुलं." वैद्यकीच्या परीक्षेलाही त्यानं एवढी घोकंपट्टी केली नसेल. त्याच्या धाकट्या बहिणीनं, पिंकीनं, हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून स्वयंपाकघरात टांगलं. दुधाच्या हिशेबाशेजारी युक्रेनचे फुलांचे कायदे लटकायला लागले.

"फुलातबी येवढी शाळा काढत्यात व्हय रं?" मायाक्का म्हणाली. ती ऋतुराजची आजी, ऐंशीच्या पुढची, आणि बंडगरांच्या वस्तीवर शेवटचा शब्द अजून तिचाच चालत होता. "मग झेंडूचं तोरण?"

"नगं आजी. पिवळं हाय त्ये."

"दारात पावणं येनार आन दार बोडकं ठेवू? त्ये न्हाय जमायचं." आणि तिनं तोरण लावायला लावलंच.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी सहाला वच्छला नेहमीसारखी पॉलिहाऊसमागच्या शेडमध्ये उभी होती. ऋतुराजची आई ती. पाहुणे कुणीही असोत, गुलाब थांबत नाहीत. रात्री फुगलेली कळी सकाळी कापली नाही तर दुपारी उमलून बसते आणि हैदराबादचा व्यापारी नाक मुरडतो. मंगळवेढा रस्त्याला बापजाद्यांच्या मेंढ्या गेल्या, ज्वारीचं रान राहिलं, आणि बारा वर्षांपूर्वी आप्पांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कर्ज काढून एक एकरावर हे प्लास्टिकचं घर उभं केलं. तेव्हापासून वच्छलाचे हात रोज हेच करत आले. दांडी मापायची, पानं खुडायची, पाच, पाच, पाच, पाच, पुठ्ठा गुंडाळायचा, रबर. वीस फुलांची एक गड्डी. डोळे बांधून उभी केली असती तरी तिनं गड्डी वीसचीच बांधली असती.

आज मात्र तिनं एकवीस फुलं निवडली होती. सगळ्यांत लांब दांडीची, गडद लाल, पाकळीला डाग नसलेली. ही हैदराबादची नव्हती. ही गलिनासाठी होती.

गलिनाला वच्छलानं फोनवरच पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी तिकडं लढाई पेटली, तेव्हा ऋतुराज तिथल्या विनित्सिया शहरात डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षाला होता. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन लागेना. वच्छला टीव्हीसमोरून हलली नाही. मग एके दिवशी फोन लागला आणि पलीकडून कळलं, की कॉलेजच्या लायब्ररीत काम करणारी सोलोमिया नावाची एक मुलगी आहे, तिच्या आईनं ऋतुराजला आणि त्याच्या सात मित्रांना आपल्या घराखालच्या तळघरात ठेवलंय. बटाटे आणि लोणच्याच्या बरण्यांच्या मधोमध. नऊ दिवस त्या बाईनं आठ परक्या पोरांना गरम सूप पाजलं, आणि मग स्वतः स्टेशनवर उभं राहून, गर्दीत ढकलाढकली करून त्यांना सीमेकडच्या गाडीत कोंबलं. तेव्हापासून वच्छला देवाला हात जोडताना दोनदा जोडायची. दुसरा नमस्कार कुणाला, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या तळघरात ऋतुराज आणि सोलोमियाचं जुळलं. आता तो सोलापुरात दवाखान्यात डॉक्टर होता, आणि सोलोमिया आईला घेऊन घर बघायला येत होती. गलिनानं स्पष्ट सांगितलं होतं, घर बघीन, माणसं बघीन, मग होय की नाही ते सांगीन. एकुलती एक लेक. गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. वच्छलाचा जीव त्या एका शब्दावर टांगला होता. 'नाही' म्हणाली तर पोरगा मोडून पडेल हे एक. दुसरं म्हणजे ज्या बाईनं लेक परत दिला, ती आपल्या दारातून नाराज होऊन जाईल. हे दुसरं तिला जास्त टोचत होतं.

पिंकीनं घरातून हाक मारली, "आई, बापूकाका आल्यात!"

वच्छलानं घाईघाईनं पुठ्ठा गुंडाळला, रबर चढवलं. टेबलावर एक फूल उरलं. रोजच एखादं उरायचं. ते तिनं सवयीनं उचललं, भिंतीवरच्या बिरोबाच्या तसबिरीला वाहिलं, गड्डी पाण्याच्या बादलीत उभी केली आणि पदर सावरत घराकडे निघाली.

बापूसाहेब म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. सोलापुरात सात रस्त्याला सिमेंट-पत्र्याचं दुकान, अंगावर कडक इस्त्री, आणि चेहऱ्यावर गेलं वर्षभर एकच भाव. जेऊरच्या एका घरातली मुलगी त्यांनी ऋतुराजसाठी मनात धरली होती, तसा शब्दही टाकून बसले होते. मग ही युक्रेनची बातमी आली, आणि घरात सगळ्यांना कळल्यावर शेवटी त्यांना कळली. तेव्हापासून ते वस्तीवर आले की चहा अर्धाच पीत.

"वच्छला, मी आलोय त्ये फकस्त आईच्या शब्दाखातर," ओट्यावर बसत त्यांनी जाहीर केलं. "मला मधी घालू नका. मी काय बोलनार न्हाय."

"न्हाय कसं बोलशील?" मायाक्का म्हणाली. "तुजी जीभ काय देवळात ठेवून आलायस?"

आप्पा खाली मान घालून हसले. आप्पांचं बोलणं सगळं असं मानेनंच चालायचं. त्यांना हरिबा म्हणून हाक मारणारी आता आईच काय ती उरली होती.

*

साडेअकराला गाडी आली. आधी ऋतुराज उतरला, घामाघूम. मग सोलोमिया. उंच, किडकिडीत, पिंकीनं पाठवलेल्या पंजाबी ड्रेसात. आणि मग गलिना. वच्छलाच्याच वयाची, तिच्याच बांध्याची, दोन्ही हातांनी एक पुष्पगुच्छ छातीशी धरलेली.

गलिना दारात आली, वर बघितलं आणि थबकली. ऋतुराजनं डोळे मिटून घेतले. तोरण!

"चोर्नोब्रिव्त्सी!" गलिना ओरडली. तिनं हात उंचावून झेंडूच्या एका फुलाला असं कुरवाळलं, की जणू माहेरचं कुणी भेटलं. मग ती लेकीला भराभर काहीतरी सांगायला लागली.

सोलोमिया दोन वर्षं पिंकीकडून व्हिडिओ कॉलवर मराठी शिकलेली होती, आणि पिंकीकडून शिकलेली असल्यामुळे तिची मराठी थेट वस्तीवरची होती. "आई म्हनती, हे फूल आमच्या दारात हाय. आजीनं लावलेलं. सगळ्यांच्या घरात हाय. लई भारी."

मायाक्कानं नातवाकडे असं बघितलं, की त्यानं पुढचा महिनाभर तोंड उघडू नये. "पिवळं हाय म्हनं! तू तिकडं पाच वर्सं काय बगत हुतास रं?"

हशा झाला. गलिना उंबरा ओलांडून आत आली, मगच तिनं पुष्पगुच्छ पुढे केला. आप्पांना नाही, मायाक्काला नाही, थेट वच्छलाला. सात लाल गुलाब, चंदेरी कागदात.

वच्छला गोंधळली. आयुष्यात तिनं लाखांनी फुलं हाताळली होती, पण फूल कसं घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं. हात जोडावेत, की ओंजळ करावी, की डोक्याला लावावं? शेवटी तिनं गुच्छ घेतला, उलटा केला आणि दांड्या बघितल्या. जित्याची खोड. देठाचा तिरका काप, खालून तिसऱ्या डोळ्याजवळ, ती रोज देते तसाच.

"आवं, ही तर आपलीच हायत!" ती आप्पांकडे वळून म्हणाली. "परवाच्या तोडीतली. सात रस्त्याच्या फुलवाल्याकडं आपल्या दोन गड्ड्या जात्यात न्हवं, त्यातली."

सोलोमियानं हे आईला सांगितलं. गलिनानं तोंडावर हात घेतला आणि मग ती आणि वच्छला एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या, की भाषेची गरज उरली नाही. आपल्या शेतातली फुलं हैदराबादला न जाता फिरून आपल्याच दारात आली, तीही पाहुण्यांच्या पैशानं, याचं आप्पांनाही मनापासून कौतुक वाटलं. बापूसाहेबांच्या मिशाही जराशा हलल्या, पण त्यांनी लगेच आवरलं.

पॉलिहाऊस दाखवायला नेलं.  रांगेमागून रांगा, लाल, गुलाबी, पांढऱ्या. बराच वेळ गलिना एकेका रांगेतून फिरली. मग तिनं लेकीमार्फत विचारलं, "आई म्हनती, इतकी फुलं. आप्पा तुमाला रोज देतेत का?"

"देत्यात की!" वच्छला म्हणाली. "रोज हजार देत्यात. कापायला!"

पिंकी फिदीफिदी हसली, ऋतुराज हसला, बापूसाहेबांनीसुद्धा हातरुमालात तोंड लपवलं. वच्छलाचा हा विनोद नवा नव्हता, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती तो दरवर्षी ऐकवायची. गलिना मात्र हसली नाही. तिनं परत विचारलं. सोलोमियानं जरा अडखळत सांगितलं, "आई म्हनती, खरं सांगा. हातात फूल, शेवटचं कदी?"

वच्छलानं आठवून बघितलं. लग्नात हार पडला होता, तो काय हातात नव्हता. ऋतुराजच्या वेळी... नाही. पॉलिहाऊसची पहिली कळी आली, ती आप्पांनी देवीला नेली. संसाराची एकतीस वर्षं. ती आप्पांकडे बघेना आणि आप्पा ठिबकची नळी तपासायला खाली वाकले ते वर येईनात.

"आमच्यात तसं नसतंय," ती म्हणाली.

गलिनानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण ती काहीतरी मनाशी नोंदवून ठेवतेय हे वच्छलाला कळलं. मुलगी बघायला आलेले लोक स्वयंपाकघरात डोकावून जातात, तसं ही बाई पॉलिहाऊसमध्ये डोकावली होती आणि तिला नेमकं रिकामं भांडं दिसलं होतं.

*

जेवण मात्र झकास झालं. ज्वारीची गरम भाकरी, शेंगाची चटणी, कोवळा हुरडा. गलिनानं चटणी आधी जिभेच्या टोकाला लावून बघितली, मग भाकरीला थापून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागून घेतली. "तिकाट हाय, पर खमंग हाय," सोलोमिया म्हणाली, आणि मायाक्का तिथंच सुनेला म्हणाली, "ही आपलीच हाय गं. चुकून लांब पडलीया."

मग आहेर. आप्पांनी गलिनाच्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली. बापूसाहेबांनी नारळ दिला, कारण मायाक्कानं डोळे वटारले. आणि वच्छला बादलीतून गड्डी काढून, पुसून, दोन्ही हातांवर घेऊन आली. बोलायचं तिनं पाठ केलं होतं, पण ऐन वेळी एकच वाक्य निघालं.

"माज्या लेकराला तुमी जपलंसा."

एवढंच.  सोलोमियानं आईला सांगितलं, तोवर गलिनाचेही डोळे भरले होते. तिनं गड्डी घेतली, फुलांत नाक खुपसलं, आणि पाणी मागितलं. त्यांच्याकडं आलेली फुलं तशीच ठेवत नाहीत, लगेच पाण्यात घालतात, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे त्याला कळतं की आपली फुलं जगवली. पिंकीनं पितळी घागर आणली. गलिनानं रबर काढलं, आणि एकेक दांडी घागरीत सोडत, आपल्या भाषेत गुणगुणत मोजायला लागली.

"ओदिन, द्वा, त्री..."

सगळे कौतुकानं बघत होते. मायाक्का तालावर मान डोलावत होती. पंधराच्या पुढं ऋतुराज सरळ होऊन बसला. अठरा. एकोणीस. गलिनाचा हात विसाव्या फुलापाशी आला, आणि पुढं पुठ्ठा रिकामा होता.

तिचा हात तिथंच थांबला. फार नाही, एक श्वास जाईल एवढाच. पण चेहऱ्यावरचं हसू उतरलेलं सगळ्यांना दिसलं. सोलोमियाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि गलिना दर वसंतात चार फुलं घेऊन त्यांना भेटायला जायची. जोडीची फुलं तिच्या हातांना चांगलीच ओळखीची होती.

"आई," ऋतुराज खालच्या आवाजात म्हणाला, "वीस हायत."

"न्हाय रं, एकवीस निवडली मी. माज्या हातानं..." वच्छलाला सकाळ आठवली. पुठ्ठा. रबर. टेबलावर उरलेलं फूल. पाच, पाच, पाच, पाच. अरे देवा.

काही न बोलण्याचं कबूल करून आलेल्या बापूसाहेबांना आता राहवेना. "मयताची फुलं दिली म्हंजे! शुभकार्याच्या बैठकीत! ह्यो अपशकून न्हाय तर काय? मी तवाच म्हनत हुतो, ज्या लोकांचं रीतरिवाज म्हाईत न्हाईत..."

हे काय म्हणतायत, असं गलिनानं लेकीला विचारलं असावं, कारण ऋतुराज घाईनं मध्ये पडला, "काय न्हाय, काय न्हाय." पण सोलोमियाला खोटं भाषांतर करायची सवय नव्हती. तिनं शब्दन्‌शब्द सांगून टाकला.

वच्छला उठली. कुणाकडे न बघता ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. समोर कॅलेंडर. पिंकीच्या ठळक अक्षरात पहिलाच कायदा, खाली दोन रेघा मारून. बाहेर बसलेली बाई, जिनं लेकाचा जीव राखला, तिला आपण मेलेल्या माणसाचा मान दिला. तोही पंधरा दिवस बजावल्यावर. तिला स्वतःच्या हातांचाच राग आला. तिनं ते नळाखाली धरले आणि रडू फुटलं.

पाठीमागे पावलं वाजली. गलिना होती, हातात ते विसावं फूल, आणि मागे सोलोमिया. गलिनानं आधी नळ बंद केला. मग वच्छलाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, आणि बोटांवरच्या काट्यांच्या जुन्या खुणा बघितल्या. रबर ओढून ओढून आंगठ्याला पडलेला घट्टा तिनं दाबून बघितला. मग आपला हात पुढे केला, पाचही बोटं पसरून, दोनदा.

"आई अंड्याच्या कारखान्यात हाय," सोलोमिया म्हणाली. "तिकडं डब्यात धा अंडी. वीस वर्सं. धा, धा, धा."

गलिना बोलत राहिली, सोलोमिया तुकड्यातुकड्यानं सांगत राहिली. शाळेचा पहिला दिवस. तिकडं पहिल्या दिवशी प्रत्येक पोरगं बाईंसाठी फुलं नेतं. गलिना रात्रपाळी करून आली, अंगणातली फुलं खुडली, दोरा बांधला आणि सोलोमियाच्या हातात दिली. शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, बाईंनी मोजली. दहा.

"मग?" वच्छलानं नाक पुसत विचारलं.

"बाई काय बोलली न्हाय. एक फूल काडलं. आईला दिलं. म्हनली, पोरीचा पैला दिवस हाय, तसा आईचाबी हाय. ह्ये तुमचं. मग नऊ राहिले." सोलोमिया हसली. "आई म्हनती, कष्टाचा हात हाय. कष्टाचा हात चुकतो."

वच्छला त्या परक्या बाईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या हातांकडे कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

*

तिघी बाहेर आल्या तेव्हा ओट्यावर वेगळंच चाललं होतं. मायाक्कानं काठी टेकवत शेडपर्यंत जाऊन चौकशी पुरी केली होती आणि आता ती थोरल्या लेकासमोर उभी होती.

"बिरोबाच्या फोटूवर एक फूल हाय, ताजं. माज्या सुनंनं एकवीसच निवडली हुती. एक देवानं आदीच घेतलं. त्यात अपशकून कुटला? देवानं मान घेतला त्ये तुला दिसंना आन मयत बरं दिसलं?"

 आप्पांनी वर बघितलं. आणि वर्षभर जे कुणी विचारलं नव्हतं ते या खाली मान घालणाऱ्या माणसानं विचारलं. "दादा, तुला नेमकं काय खुपतंय?"

"मला कोन इचारलं?" बापूसाहेबांचा आवाज चिरकला. "थोरला हाय मी. पोराचं ठरवलंसा, फुलांचं ठरवलंसा, तोरनाचं ठरवलंसा. मला शेवटी कळवलंसा. बस. येवढंच."

जेऊरचा शब्द, रीतरिवाज, अपशकून, सगळं बाजूला राहिलं आणि आत हे एवढंसं निघालं. ऋतुराजनं उठून काकाच्या पायांना हात लावला. तो काही बोलणार एवढ्यात गलिना सगळ्यांच्या मधून चालत आप्पांपुढे येऊन उभी राहिली. तिनं ते विसावं फूल त्यांच्या हातात दिलं, आणि बोटानं वच्छला दाखवली.

आप्पा फूल हातात धरून तसेच उभे. समोर आई, थोरला भाऊ, लग्नाचा मुलगा, पोरगी. कान लालबुंद. "आता... ह्या वयात..." ते पुटपुटले.

"दे की रं हरिबा," मायाक्का म्हणाली. "माज्या नवऱ्याकडं नव्हती फुलं, मेंढ्या हुत्या. तुज्याकडं काय कमी हाय?"

आप्पांनी चार पावलं टाकली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार पावलंच, पण त्यांना घाम फुटला. फूल पुढे करताना त्यांनी नेमकं काट्याजवळ धरलं आणि बोटातून रक्ताचा ठिपका आला. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"वच्छला," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' नाहीतर 'पिंकीची आई' एवढंच. "ह्ये तुला. आन... एकच हाय. एक म्हंजे विषमच की."

हसू, टाळ्या, पिंकीची शिट्टी, सगळं एकदम झालं. वच्छलानं या वेळी फूल उलटं केलं नाही, दांडी बघितली नाही. दोन्ही हातांनी धरलं आणि मान खाली घातली. तिला लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचा आनंद झाला.

गलिना लेकीच्या कानाशी काही बोलली. सोलोमिया लाल झाली.

"आई म्हनती... सकाळपासनं वाट बगती. आमच्यात मुलाकडच्यांनी मागनी घालायची असती. मोठ्या मानसानं. कुनी इचारलंच न्हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खरंच की. इकडचे लोक मुलीची आई बोलेल म्हणून मान राखून थांबले होते, तिकडची आई मुलाकडचे विचारतील म्हणून. असेच बसले असते तर गुरुवारी विमान निघून गेलं असतं.

मायाक्कानं काठी आपटली. "मोटा कोन हाय हितं?"

बापूसाहेब हळूच उठले. शर्टाची इस्त्री सारखी केली. घसा खाकरला. दुकानात मोठमोठ्या ठेकेदारांना गार करणारा माणूस, पण आता हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी घागरीजवळ जाऊन एक फूल काढलं, मग थबकले. "हे काडलं तर किती ऱ्हायली?"

"अठरा!" पाच जण एकदम ओरडले.

त्यांनी झटक्यात ते परत ठेवलं. इकडंतिकडं बघितलं, मग तोरणातला झेंडू खुडला आणि तो गलिनापुढे धरला. "बाई, पोरगी आमाला द्या. आमच्या घरात माज्या शब्दाला..." ते अडखळले, आईकडे बघून दुरुस्त केलं, "...आईच्या खालोखाल मान हाय. पोरीला जपू. तुमी आमच्या पोराला जपलंसा तसं."

गलिनानं भाषांतराची वाट बघितली नाही. तिनं झेंडू घेतला, बापूसाहेबांच्या गालाचे तीन मुके घेतले, आणि बापूसाहेबांचे कान आप्पांच्याहून लाल झाले.

*

चार वाजता गाडी सात रस्त्याकडे निघाली. पाहुण्यांना हॉटेलवर सोडून बापूसाहेब घरी जाणार होते. घागरीतली एकोणीस फुलं गलिनानं बादलीत घालून मांडीवर घेतली होती, ती डिकीत ठेवू देईना. सगळे बसले, दारं लागली, आणि बापूसाहेब परत खाली उतरले. वच्छलाजवळ आले, रस्त्याकडे बघत म्हणाले, "शेडात एखादं उरलंसुरलं फूल असंल न्हवं?"

"कुनाला भावजी?"

"आता कुनाला म्हंजे? घरात तुजी जाऊबाई हाय की." मग घाईनं, "एकच दे. न्हायतर तीन. दोन नगं हां."

तिनं तीन दिली. चांगल्या लांब दांडीची.

गाडी गेल्यावर वच्छला शेडमध्ये आली. दुपारची तोड टेबलावर पडून होती, हैदराबादची गाडी सहाला. आप्पा शेजारी येऊन पुठ्ठे कापायला लागले, काही झालंच नाही असे. ती निवडत होती, मापत होती, बांधत होती. अंबाड्यात खोचलेलं फूल मान हलली की कानाला लागत होतं. तिनं दर वेळी ते चाचपून बघितलं.

तिनं बांधलेली एक गड्डी आप्पांनी उचलली आणि सवयीनं वरून मोजली. परत मोजली.

"एकोणीसच हायत," ते म्हणाले.

बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वच्छला जीभ चावून हात पुढे करणार, तोच आप्पांनी टेबलावरचं एक फूल उचलून गड्डीत सरकवलं, रबर नीट केलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "उद्या मोज नीट. आज ऱ्हाऊ दे."